फुकट तिकिटाचा हिशेब

आकाशात विमानाचा आवाज आला की आमच्या वाडीतली लहान मुले अजूनही अंगणात धावत येतात आणि मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहतात. मीही धावले आहे. वास्तविक सांबऱ्याचे विमानतळ आमच्या चंदगडपासून काही फार लांब नाही. पाटणे फाटा, शिनोळी ओलांडून बेळगावात शिरावे, शहराच्या पलीकडे सांबरा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिशांच्या हवाई दलाने ते बांधले. म्हणजे माझ्या आजोबांच्या जन्माआधीपासून ते तिथे आहे; परंतु आमच्या घरातील माणूस त्याच्या फाटकातून आत गेला तो थेट गेल्या वर्षी. तो माणूस म्हणजे माझा दादा. आणि त्याच्या त्या एका प्रवासातूनच प्रस्तुत लेखाचा विषय निघाला.

दादा हैदराबादला एका औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. मार्च महिन्यात आमच्या आबांच्या पोटाचे ऑपरेशन तातडीने करावे लागले. रात्री फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी दादा विमानाने बेळगावला उतरला. ऐन वेळचे तिकीट. साडेसात हजार रुपये पडले. आबा बरे झाले, दादा परत गेला. पण ते साडेसात हजार त्याच्या मनात सलत राहिले. पुढे गणपतीला घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक रंगीत, गुळगुळीत पत्रक होते. त्यावर निळे आकाश, विमानाचा पंखा आणि मोठ्या अक्षरांत मजकूर : आमच्या विमान कंपनीचे क्रेडिट कार्ड घ्या, खर्च करा, मैल मिळवा आणि फुकट उडा! अशी दोन-तीन कार्डे असून त्यांतले कोणते घ्यावे, हे त्याने मला विचारले. "तू अर्थशास्त्र घेतलंयस ना? सांग मग. आई-आबांना एकदा विमानात बसवायचंय."

मित्रमैत्रिणींनो, मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. माझ्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझी फी दादाच्या पगारातून जाते. तेव्हा 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती. पत्रक, अटींचे कागद आणि वर्गातली टिपणे घेऊन मी बसले. जे समजले ते आपल्यापुढे मांडीत आहे. कारण दोन वर्षांनी आपणही कुठे ना कुठे नोकरीला लागू आणि तसलेच पत्रक आपल्याही हाती पडेल.

फुकट देणाऱ्याचे कसे भागते?

पहिला प्रश्न आबांनीच विचारला. ओसरीवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "फुकट तिकीट देतात म्हणतोस, मग त्यांचं भागतं कशावर?" माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

क्रेडिट कार्ड ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत १९५० साली 'डायनर्स क्लब'चे कार्ड निघाले. ते खिशात असले की हॉटेलात जेवून पैसे महिन्याच्या शेवटी द्यायचे. आपल्या देशात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली कार्ड काढले. विमान कंपन्यांचे म्हणाल, तर अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना सुरू केली. जितके मैल प्रवास, तितके मैल प्रवाशाच्या खाती जमा. पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस. पुढे या दोन गोष्टींचे लग्न लागले. विमानात न बसताही, किराणा घेतला, पेट्रोल भरले, तरी मैल मिळू लागले. विमान कंपनी आणि बँक अशा दोघांची नावे असलेले कार्ड ते हेच.

यातला पैशाचा प्रवाह असा आहे. आपण दुकानात कार्डाने शंभर रुपये दिले, तर दुकानदाराला पुरते शंभर मिळत नाहीत. साधारण दीड-दोन रुपये मधल्यामध्ये कापले जातात. त्यातला बराच भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. शिवाय बँकेला कार्डाची वार्षिक फी मिळते आणि जे ग्राहक बिल वेळेवर पुरते भरत नाहीत त्यांच्याकडून व्याज व दंड मिळतो. या उत्पन्नातून बँक विमान कंपनीकडून घाऊक भावाने मैल विकत घेते व आपल्या खाती टाकते. विमान कंपनीला रोख पैसा आधीच मिळतो. आणि त्या बदल्यात पुढे केव्हातरी जी खुर्ची द्यायची, ती पुष्कळदा रिकामीच जाणार असते.

हा धंदा केवढा मोठा आहे, याचा एक दाखला देते. २०२० साली महासाथीमुळे जगभरची विमाने जमिनीवर उभी होती. त्या वेळी अमेरिकेतील डेल्टा या कंपनीने आपल्या मैलांच्या योजनेच्या तारणावर ९ अब्ज डॉलर उभे केले. विमाने उडत नसताना मैलांची वही मात्र तारण ठेवण्याजोगी होती!

म्हणजे आबांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की फुकट कोणीच देत नाही. जे ग्राहक व्याज भरतात त्यांच्या जिवावर, जे भरत नाहीत त्यांना तिकीट मिळते. आपण या दोहोंपैकी कोणत्या रांगेत उभे राहणार, एवढाच काय तो प्रश्न.

एक्क्याऐंशी रुपयांची कमाई

आता आकडे पाहू. मुद्दाम एक सोपे उदाहरण घेते. प्रत्यक्ष कार्डांचे दर निरनिराळे असतात, पण रीत हीच.

समजा, कार्डाची वार्षिक फी १,५०० रुपये आहे. तीवर १८ टक्के जीएसटी २७० रुपये. एकूण १,७७०. शंभर रुपये खर्चाला २ मैल मिळतात. दादा महिन्याला १५,००० रुपये कार्डावर खर्च करतो असे धरू. वर्षाचे झाले १,८०,००० रुपये व मैल झाले ३,६००.

एका मैलाची किंमत किती? ती पत्रकावर छापलेली नसते. आपणच काढावी लागते. समजा, एका तिकिटाला रोखीने ४,५०० रुपये पडतात. तेच मैलांनी घ्यायचे तर ७,००० मैल लागतात व वर कर आणि विमानतळाचे आकार म्हणून ९०० रुपये रोख भरावे लागतात. ('फुकट' तिकिटावरही हे आकार बहुधा भरावेच लागतात, हे पत्रकात बारीक अक्षरांत असते.) म्हणजे ७,००० मैलांनी आपले ३,६०० रुपये वाचले. एक मैल झाला सुमारे ५१ पैशांचा. मग दादाच्या ३,६०० मैलांचे मोल १,८५१ रुपये. त्यातून फीचे १,७७० वजा करा. वर्षभराची कमाई : ८१ रुपये!

आणि हे एक तिकीटही एका वर्षात पदरात पडत नाही. ७,००० मैल व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागतात. तोवर कंपनीने त्याच तिकिटाचा दर ९,००० मैल केला, तर आपण विचारायला जाऊ शकत नाही. याउलट फी नसलेले, शंभराला एक रुपया रोख परत देणारे साधे कार्ड असते, तर त्याच खर्चावर १,८०० रुपये हाती आले असते व ते एसटीच्या तिकिटालाही चालले असते.

मग अशी कार्डे कोणालाच परवडत नाहीत काय? तसे नाही. ज्याचा खर्च मोठा, ज्याला महिन्यातून दोन-चार वेळा त्याच कंपनीच्या विमानाने जावे लागते, ज्याला जादा सामान, विमानतळावरील बैठकीची खोली यांसारख्या सवलती खरोखर वापरायच्या असतात, त्याला ती फायद्याची पडतात. बक्षीस म्हणून पहिल्या वर्षी मिळणाऱ्या मैलांनीही हिशेब बदलतो. मात्र ते मिळविण्यासाठी ठराविक मुदतीत ठराविक खर्च करावा लागतो, आणि बक्षिसासाठी नको असलेली वस्तू घेणे म्हणजे सवलतीत मिळाला म्हणून नांगर घ्यायचा आणि शेतच नसायचे.

आपल्या गावावरून कोण उडते?

दुसरी गोष्ट भूगोलाची. मैल हे एका कंपनीचे चलन आहे. ते दुसरीकडे चालत नाही. सांबऱ्याहून इंडिगो आणि स्टार एअर यांची विमाने सुटतात. स्टार एअर ही तर आपल्या कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाची, २०१९ साली उड्डाणे सुरू केलेली कंपनी. एअर इंडियाचे विमान धरायचे तर आपल्याला तिलारीचा घाट उतरून गोव्याला जावे लागते. तिथे दाबोळी आहे आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचे विमानतळही चालू झाले आहे. तेव्हा ज्या कंपनीचे कार्ड, तिचे विमान आपल्या जवळच्या विमानतळावरून आपल्याला हव्या त्या गावी जाते काय, हे आधी पाहावे. दादाने आणलेल्या पत्रकांपैकी एक कार्ड या एका कसोटीवरच बाद झाले. त्याच्या मैलांनी तिकीट मिळाले असते, पण ते विमान धरायला आई-आबांना घाट उतरावा लागला असता.

बरे, कंपनीच राहिली नाही तर? हे नुसते भय नव्हे. किंगफिशर एअरलाइन्सची विमाने २००५ साली उडू लागली व ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. ज्यांनी तिचे मैल साठविले होते त्यांनी ते कोणत्या विमानात वापरावे? १९९३ पासून उडणारी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीच्या हाती होती म्हणून मैल तगले व ती योजना 'इंटरमाइल्स' या नव्या नावाने पुढे चालली. पण ज्या विमानासाठी लोकांनी मैल जमविले ते विमान काही परत आले नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. येथे ग्राहकांचे मैल एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. परंतु विस्ताराच्या नावाची कार्डे मात्र बँकांना आवरती घ्यावी लागली.

बँकेत ठेवलेल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. मैलांना असे काहीच नसते. ते पैसे नव्हेत. तो एक शब्द आहे, आणि शब्द देणारा तो बदलू शकतो. म्हणून मैल साठवून ठेवू नयेत, तिकिटापुरते झाले की वापरून टाकावेत, असे जाणकार सांगतात ते योग्यच आहे.

मग दादाने कागद दाखविला

इथपर्यंत हिशेब मांडून मी मोठ्या ऐटीत दादाला विचारले, "तुझ्या आत्ताच्या कार्डावर किती मिळतं ते दाखव, म्हणजे तुलना करू." त्याच्याकडे एका बँकेचे साधे कार्ड होते हे मला ठाऊक होते. तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने मोबाईलवर बिल उघडून माझ्या हाती दिले.

आबांच्या ऑपरेशनचे चाळीस हजार रुपये त्याने त्या कार्डावरून भरले होते. घरात कोणाला सांगितले नव्हते. बिलावर दोन रकमा असतात : एक पूर्ण देणे आणि एक किमान देणे. किमान भरले की काम भागते, असे त्याला कार्ड देणाऱ्याने सांगितले होते. म्हणून तो दरमहा दोन हजार भरीत होता. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पाच हप्ते, दहा हजार रुपये. त्याच्या समजुतीने तीस हजार उरले होते. बिलावर मात्र ३८,११० लिहिले होते.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित करून पाहिले. व्याज दरमहा साडेतीन टक्के. चाळीस हजारांवर १,४०० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२. झाले १,६५२. दादाने भरलेल्या दोन हजारांतून पहिल्या महिन्यात मुद्दल फिटले अवघे ३४८ रुपये. पाच महिन्यांत मिळून १,८९०. बाकी आठ हजारांवर व्याजात गेले.

आबांचे सोसायटीचे पीककर्ज वर्षाला सात टक्क्यांचे. आईच्या बचत गटात महिन्याला एक टक्का. आणि या चकचकीत कार्डाचे वर्षाला बेचाळीस! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती; परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे कायद्याची ती भिंतही आता नाही. संभाळायचे ते आपणच.

शिवाय एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बिल पुरते भरले तरच खरेदीवर वीस ते पन्नास दिवस व्याज लागत नाही. काही बाकी ठेवली की ती सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर तिला मुळी सवलतच नाही. वरच्या उदाहरणातली ८१ रुपयांची वार्षिक कमाई पाच वर्षे साठविली तर ४०५ होते. दहा हजारांची बाकी एकच महिना राहिली तर व्याज व कर मिळून ४१३ जातात.

आईला हे सर्व ऐकवले. आई सहीपुरती शिकलेली. पण गटाचा हिशेब तोंडपाठ. ती दादाला म्हणाली, "पाच महिने गप्प का बसलास रे? आमच्या गटात कुणी हप्ता चुकवला तर आम्ही दहाजणी तिच्या दारात जातो. तुझ्या दारात कोण येणार होतं तिकडं?" दादा मान खाली घालून बसला. आबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांच्या उपचाराचे कर्ज, म्हणून त्यांना ते अधिकच लागले असावे.

त्याच आठवड्यात आईने गटातून वीस हजार उचलले व ते कार्डावर भरले. उरलेले दादाने दिवाळीच्या बोनसमधून व दोन पगारांतून फेडले. त्याने ते कार्ड बंद करण्यास बँकेला लिहिले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, देणे बाकी नसेल तर असा अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते. न केल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ते वेळेत बंद झाले. त्याच निर्देशांत असेही आहे की न मागता कोणाच्या गळ्यात कार्ड मारता येत नाही.

कोणते कार्ड घ्यावे?

तेव्हा दादाच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे झाले : सध्या कोणतेच नाही. विमान कंपनीचे कार्ड निवडणे ही दुसरी पायरी आहे; बिल पुरते भरता येणे ही पहिली. पहिली न चढता दुसरीवर पाय ठेवला की माणूस पडतो. ज्यांची पहिली पायरी पक्की आहे, त्यांनी स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत.

१) गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक बिल मी पुरते आणि वेळेवर भरले आहे काय?

२) मी वर्षातून किती वेळा विमानाने जातो आणि माझ्या जवळच्या विमानतळावरून याच कंपनीचे विमान मिळते काय?

३) एका मैलाचे खरे मोल किती पैसे, हे प्रत्यक्ष एका तिकिटावरून मी काढून पाहिले आहे काय?

४) वर्षाचे मैल गुणिले ते मोल, वजा फी व कर, बरोबर किती? आणि फी नसलेल्या साध्या कार्डापेक्षा ते अधिक आहे काय?

५) मैल केव्हा बाद होतात?

या सर्वांची उत्तरे पत्रकावर नसतात. ती 'सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती' या नावाच्या कागदात असतात. तो कागद देणे बँकेला बंधनकारक आहे. तो मागून घ्यावा, घरी आणावा, आणि सही दुसऱ्या दिवशी करावी. तो इंग्रजीत असतो व अक्षर बारीक असते. मला तो वाचायला दोन संध्याकाळी लागल्या, व्याजाची ओळ तर सरांकडून समजून घ्यावी लागली. पण आपल्या घरात तो वाचू शकेल असे माणूस आता आहे, हे काय थोडे झाले?

आई-आबा अद्याप विमानात बसलेले नाहीत. दादाने जानेवारीपासून महिन्याला पाचशे रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे. वर्षाने सहा हजार व त्यावर थोडे व्याज होईल. महिना-दोन महिने आधी काढली तर तेवढ्यात दोघांची एका बाजूची तिकिटे बहुधा बसतील. परतीला रेल्वे आहेच. आबांनी मात्र एक अट घातली आहे. तिकीट काढण्याआधी त्याचा कागद मी वाचायचा.

— बी. ए. भाग २ (अर्थशास्त्र)